जोडीनेच मिळतो

फ्राउके मावशीच्या गाडीला गिअर नाहीत,
पट्टे आहेत दोन,
मागच्या एकेका चाकाला एकेक,
काळे, दोन बोटं रुंद, आतून दातेरी.
गावातले हसायचे :
नर्सबाई मोज्याच्या इलॅस्टिकवर फिरते.
ती त्याच इलॅस्टिकवर तीस वर्षं
उस्क्वर्टपासून थेट समुद्राच्या बांधापर्यंत
बाळंतपणं करत फिरली.

नोव्हेंबरात डावा तुटला.
फार मोठा आवाज नाही,
कुणी ओलं फडकं भिंतीवर आपटावं तसा.
मग एकट्या उजव्याच्या जिवावर
घरापर्यंत आले खुरडत,
कालव्यातली बदकंसुद्धा पुढे गेली.

दुकानातला मुलगा म्हणाला, नंबरप्लेट सांगा.
सांगितली.
त्याच्या पडद्याने जरा विचार केला
आणि कळवलं, अशी गाडी जगात नाही.
मी खिडकीतून बाहेर पाहिलं. होती. पिवळी.
तुटका पट्टा काउंटरवर ठेवला तर
त्यावरचा आकडा घासून गेलेला,
उरलेला एक सहा, आणि एक आठ, की तीन?
"हे कन्व्हेयरचं आहे का?"
त्याने फार नम्रपणे विचारलं.

मग सुतळी काढली.
बाहेरून मापलं, आतून मापलं,
दोन्हींत चांगला वीतभर फरक,
आणि विकणारा कुणी सांगत नाही
त्याचं माप आतलं की बाहेरचं.
फोनवर एक गृहस्थ म्हणाले,
पाच मिलिमीटरने काय होतं हो?
कापणीयंत्राचा एक आणून बसवलाही.
लांबी तीच, रुंदी तीच,
कडांचा उतार तेवढा वेगळा.
सहाव्या किलोमीटरला जळक्या रबराचा वास.
काय होतं, ते असं होतं.

वार्फ्फमच्या देर्ककडे
गोठ्यात खिळ्याला टांगलेली जोडी होती,
तपकिरी कागदात, कधीच न वापरलेली.
आकड्यात सहा होता. आठही होता.
माझा हात पाकिटाकडे गेला,
पण त्याने पट्टा उजेडात नेऊन उलटा वाकवला.
भेगा. बारीक, शेकड्यांनी,
ओहोटीनंतर वाळलेल्या गाळाला पडतात तशा.
"नुसतं टांगून राहिलं तरी म्हातारं होतंच,"
देर्क म्हणाला. पट्ट्याबद्दल.
त्याचं लग्न झालेलं नाही, हे मला मावशीकडून माहीत.
मावशीचंही झालं नव्हतं, हे त्याला माहीत.
आम्ही कॉफी प्यायलो, दुसरा कपही.
निघताना त्याने एक फोन नंबर दिला,
मावशीच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेला.
ते कॅलेंडर त्याच्याकडे कसं, मी विचारलं नाही.

दक्षिणेतल्या त्या बाई अजून पट्टे ओततात,
वर्षातून दोनदा, मागणी साठली की.
"गाडी कुठली, साल कुठलं, आणि पुलीचं माप घ्या,
पट्ट्याचं नको. पट्टा ताणला की खोटं बोलतो."
इतक्या आठवड्यांत हे कुणीच सांगितलं नव्हतं.
मी म्हटलं, एकच हवा, डावा.
"एक देत नाही."
उजवा अजून बरा आहे.
"बरा दिसतोय. त्यानेही तेवढेच किलोमीटर काढलेत.
नव्याशेजारी जुना लावलात
तर गाडी एका अंगाला ओढेल."
मी दोन्हींचे पैसे पाठवले.

जानेवारीत पार्सल आलं. फ्रॉस्टमध्ये गाडीखाली आडवी,
पाठीला पुठ्ठा, तोंडात टॉर्च,
आणि चार तासांनी
दोन्ही पट्टे असे बसले की
जणू त्यांनाच माझी वाट पाहून कंटाळा आला होता.

बांधावर गेले. एकेरी रस्ता,
एका हाताला गवत, दुसऱ्या हाताला पाणी,
समोरून शेणखताची टाकी ओढत ट्रॅक्टर.
वळायला जागा नाही. त्याने हॉर्न दिला.
तेव्हा आठवलं, मावशी सांगायची,
ही पुढे जेवढी पळते ना, तेवढीच मागे.
मी खटका मागे ओढला.
दोन किलोमीटर, मान वळवून, पूर्ण वेगात,
ट्रॅक्टर लहान लहान होत गेला,
आणि मेंढ्या एकामागून एक
डोकी वर करून बघत राहिल्या.