शीग

आलाओत्राच्या तळ्याकाठी मे महिन्यात
मी एक लाकडी चौकट घेऊन हिंडत होतो.
एक मीटर लांब, एक मीटर रुंद.
ती उभ्या भातावर टाकायची,
आतल्या लोंब्या कापायच्या, झोडपायच्या, तोलायच्या,
पळिंज वेगळं काढायचं
आणि ओल किती ते यंत्राला विचारायचं.
असं एकशे बारा शेतांत.

प्रश्नावली सतरा पानांची.
बी किती, शेण किती,
चिखलणीला नांगर की नुसते बैलांचे खूर,
माणसं किती, कुणाची, किती दिवस.
नुरुवूला बोटं मोजत उत्तरं द्यायची.
मंगळवारी आणि गुरुवारी ती खाचरात उतरत नाही.
मी विचारलं, का?
म्हणाली, तेव्हा मातीला आपला कंटाळा आलेला असतो.
ह्या उत्तराला रकाना नव्हता.
मी ‘इतर’वर खूण केली.

रात्री आंबातुंद्राझाकातल्या खोलीवर
जनरेटर चालू असेतो गणित मांडायचो.
गणित तसं सोपं.
कमीत कमी घालून जास्तीत जास्त काढणारे
वरच्या काठावर उभे राहतात,
त्यांची एक रेघ होते,
बाकीचे त्या रेघेपासून किती खाली, ते मोजायचं.
रात्सिंबा: एक. पूर्ण एक.
नुरुवूला: शून्य पूर्णांक अठ्ठावन्न.
बांधाला बांध लागलेली दोन शेतं,
तोच पाऊस, तेच बी.

म्हणजे बाईचे बेचाळीस टक्के कुठंतरी गळत होते.
अहवालात मी ‘गळती’ लिहिलं नाही.
‘सुधारणेस वाव’ लिहिलं.

परत गेलो तर ती फावड्यानं वाळू उपसत होती.
वरच्या डोंगराला लावाका पडलेत,
लाल, उघडे, कुणी घास तोडल्यासारखे.
दर पावसाळ्यात डोंगर थोडाथोडा खाली येतो
आणि पहिल्यांदा तिच्या खाचरात उतरतो.
ती त्याला टोपलीनं उचलून कडेला रचते.
गेल्या वर्षी एकसष्ट दिवस.
माझ्याच अक्षरात होतं ते:
मजुरी, घरची, एकसष्ट.

आणि नाही उपसलं तर?
तिनं हनुवटीनं खाली दाखवलं.
रात्सिंबाचं भात वाऱ्यानं एका अंगाला कललेलं,
पिवळं, जड, निवांत.

तो ह्याचं काही देतो का?
तिला प्रश्न कळला नाही,
किंवा कळला, आणि शेंबड्या पोराकडे बघावं
तशी ती माझ्याकडे बघत राहिली.
म्हणाली, त्याचा बाप माझ्या लग्नात नाचला होता.

दुपारी तिनं जेवायला थांबवलं.
आमच्याकडे तांदूळ डब्यानं मोजतात,
आटवलेल्या दुधाचा रिकामा डबा, कापुआका.
साडेतीन डब्यांचा किलो,
बाजारात, लग्नात, भांडणात.
तिनं डबा भरला, तळहातानं सपाट केला, ओतला.
दुसरा भरला, सपाट केला.
तिसऱ्यावरून हात फिरवला नाही.
शीग तशीच ठेवली; ओतताना चार दाणे उडाले,
कोंबडी धावत आली.
मी म्हणालो, हा किती धरायचा?
ती म्हणाली, तिसरा.

जेवणानंतर खरवडीत पाणी उकळून दिलं,
करपट, तपकिरी, गरम.
तिनं त्याच्या धुरकट वासावर फुंकर घातली
आणि विचारलं, तुझ्या यंत्रात मला किती मिळाले?
मी म्हणालो, अजून मोजतोय.

त्या रात्री दोन्ही शेतं एकच धरून
गणित पुन्हा चालवलं.
एकवाला गेला, रेघ खाली आली,
आणि इतर एकशेदहांतली नव्वदेक माणसं
काही न करता थोडी वर गेली.
कुणाच्या गावीही नसेल.
मी पंख्याखाली बसून
ते आकडे वर सरकताना बघत होतो,
मग जनरेटर बंद पडला.

राजधानीतून साहेबांचा फोन आला.
दोन शेतकरी एक कसे धरले?
कुठल्या पद्धतीत बसतं हे?

मंगळवार होता.
मी म्हटलं, उद्या सांगतो.