उपाधी

बर्नलीच्या वाचनालयात, तीन नंबरच्या संगणकापुढे
ईनिड ऑलरेनशॉ, वय एकाहत्तर,
बसच्या पासाचा अर्ज भरायला बसलीय.
पहिल्याच चौकटीत अडली:
उपाधी निवडा.

(आपल्याकडे उपाधी म्हणजे किताब
आणि उपाधी म्हणजे नसती कटकटही.
ईनिडला दुसरा अर्थ आधी भेटला.)

बाण दाबला की यादी खाली सुटते:
मिस्टर, मिसेस, मिस, डॉक्टर, रेव्हरंड,
आणि तळाशी, अडगळीत ठेवल्यासारखे,
लॉर्ड, लेडी.
"यांच्यातलं कोण बसने जातं गं?"

सुमैरा जुनी इंग्रजी शिकून आता
पुस्तकांवर शिक्के मारते.
ती खुर्ची ओढून बसली.
म्हणाली, लॉर्ड म्हणजे मुळात हलाफ-वेअर्ड,
भाकरीचा राखणदार.
त्याच्या घरचं अन्न खाणाऱ्या चाकराला
तेव्हा शब्दच होता 'भाकरी-खाऊ'.
आणि लेडी? हलाफ-डीगे.
भाकरीचं पीठ मळणारी.

मग हजार वर्षं तोंडातोंडांतून जाताना
पहिला ह गळाला,
मधला फ कुठे विरला कळलं नाही,
शेवटी हातांचं पीठही धुतलं गेलं.
राहिली नुसती अंगठी.

राखणदारांनी आपल्याच पोळीवर तूप ओढलं,
हे कळायला भाषाशास्त्र लागत नाही.
ईनिडची आई टेकडीवरच्या हॉलच्या तळघरात
पहाटे चारला पीठ तिंबायची.
नऊला घंटा वाजायची,
माय लेडी जागी झाल्याची.
मळणारी खाली, नाव वरच्या मजल्यावर.
मध्ये बावन्न पायऱ्या. आईने मोजल्या होत्या.

आणि डीगे, मळणारी,
तिच्याच मुळाचा एक फुटवा
फार लांब, उगवतीकडे गेला
आणि आपल्या तोंडी 'देह' झाला:
लिंपलेला, थापलेला, आकाराला आणलेला.
सुमैराला हे ठाऊक असेल-नसेल.
मला राहवलं नाही म्हणून सांगितलं.

ईनिड गप्प आहे.
मग म्हणते, "मला एकतीस वर्षं लेडी म्हणायचे की.
डिनर लेडी."
शाळेच्या भटारखान्यात, केसांवर जाळी, हातात डाव,
गुरुवारी कोपरापर्यंत मैदा.
क्रेग हॅल्स्टेड नावाचा एक मुलगा
पायचा कडक काठ खिशात घालायचा,
धाकट्या भावासाठी.
तिने विचारलं नाही काही.
पुढच्या गुरुवारपासून त्याच्या ताटात
दोन काठ पडू लागले.

"मग लेडी लावू?" सुमैरा विचारते.
ईनिड हसते, खोकते, माउस धरते.
सांधे धरलेली बोटं,
बाण घसरतो: रेव्हरंड.
दोघी इतक्या हसतात
की वर्तमानपत्राआडून एक म्हातारा घसा खाकरतो.

मग ईनिड पिशवीतून कागदाची पुडी काढते.
भिंतीवर पाटी आहे: येथे खाण्यास मनाई.
टेबलाखाली ती पावाचा तुकडा मोडते,
काठाकडचा सुमैराला देते.

समोर पडद्यावर अक्षरं बदलतात:
वेळ संपली. पुन्हा सुरुवात करा.
उपाधी निवडा.
बाण लुकलुकतोय.
दोघींचीही तोंडं भरलेली आहेत.