नग एक

पंच म्हणजे बघणारा माणूस.
मला मशीनवरून उठवून नेलं तेव्हा
टेप गळ्यातच होती, दोऱ्याचा तुकडा ओठात.
"टेलर, चला. सही लागेल."
दुसरा पंच बर्फाच्या कारखान्यातला नाटेकर,
चपला आत न्याव्यात की बाहेर काढाव्यात
याच विवंचनेत शेवटपर्यंत.

सगुण मोर्जेचं घर. सगुण नव्हता, टेम्पोही नव्हता.
त्यांना हवे होते गोव्याहून आलेले खोके.
तांदळाच्या पिंपात हात गेला कोपरापर्यंत,
सोड्यांचा डबा उपडा झाला पेपरावर,
माळ्यावरची जाळी खाली आली, तिच्याबरोबर पालीची अंडी.
शेवंती एकेक झाकण स्वतःच काढून देत होती,
पंगतीत वाढावं तशी.

आतल्या खोलीत कॉटवर ती.
शेवंतीची मावसबहीण, घाटावरून चार दिवसांसाठी आलेली.
पायाशी निळी बॅग.
तेव्हा मात्र शेवंती आडवी आली.
"सायबानू, ती पावणी आसा. घर आमचा, बॅग तिची."
साहेब वाईट नव्हते, दमले होते.
"घरात आहे ते घराचं," म्हणाले.
कागदावर घर नंबर होता, सगुणचं नाव होतं.
तिचं कुठेच नव्हतं.
मला ते दिसत होतं. मी बोललो नाही.

रोज दहा चेनी बसवतो मी.
त्या एका चेनीला मान खाली गेली,
आणि पंचाने मान खाली घालायची नसते.

दोन साड्या. पंचा. गोळ्यांची पट्टी, अर्धी संपलेली.
रुमालात गुंडाळलेली एक सुती उशी,
गोल, तळहाताएवढी, हातशिलाईची,
आतला कापूस एका बाजूला गोळा झालेला.
शिपाईबाईंनी दाबून पाहिली. "हे काय?"
साहेबांनी चावी काढली, शिवण उसवायला.

तीस वर्षं ब्लाउज शिवतोय.
एका नजरेत कळलं ती कुठे ठेवतात,
आणि तिथे आता काय नाही.
शेवंतीला कळलं नव्हतं. तिला सांगितलेलंच नव्हतं.
ती माडाकडे बघत होती, ताठ,
मापं घेताना मी बायकांना उभं राहायला सांगतो तशी.

"खांद्याचं पॅड आहे साहेब," मी म्हणालो. "ब्लाउजचं."
"एकच?"
"दुसरं माझ्याकडे. दुरुस्तीला."
चावी खिशात गेली.
कारकुनाने लिहिलं: खांद्याचे पॅड, नग एक.
खाली मी सही केली, पूर्ण नावाने.
इतकं सुबक अक्षर माझं कधी आलं नव्हतं.

रात्री दुकान बंद करून आत बसलो.
मला ती उशी जास्त चांगली करता येते.
मऊ मलमल, कापसात मूठभर मोहरी,
म्हणजे वजन येतं, चालताना वर सरकत नाही,
खांदा झुकत नाही.
अर्ध्या तासाचं काम. केलं.
मग हातात घेऊन बसून राहिलो.
नेऊन द्यायची म्हणजे
ती चेन परत उघडायची,
या वेळी वॉरंटशिवाय.

सकाळी ती स्टँडवर दिसली. चारातला दुसराच दिवस.
बॅग मांडीवर, दोन्ही हात बॅगेवर.
मी वेळापत्रकाकडे तोंड करून उभा राहिलो.
पाठ आहे मला ते,
तरी आंबोलीमार्गे जाणाऱ्या सगळ्या गाड्या वाचल्या,
मग सावंतवाडीच्या, मग रद्द झालेल्या.
घंटी ऐकल्यावर वळलो.

गाव मी इथे बदललंय.
तिचं नाव पंचनाम्यात आहे, तिथेच राहो.
उशी खणात आहे, बटणांच्या डब्यामागे.

काल शेवंती ब्लाउज टाकायला आली.
कापड घडी करता करता म्हणाली,
"तो दुसरो पॅड तिका पोचलो मा?"
माझ्याकडे बघत नव्हती.
"पोचलो," म्हटलं,
आणि टेप गळ्यातून काढली.