शाळा सोडल्याचे कारण

धाबेबाबू टीसी लिहीत होते
आणि आम्ही पत्र्याखाली उभे,
जून अर्धा सरला तरी तापलेल्या.

'वर्तणूक'समोर सगळ्यांच्या 'चांगली'.
रज्जाकच्याही, ज्यानं शाळेची घंटा पळवली होती.

'शाळा सोडल्याचे कारण?'
कुंदा म्हणाली, डी.एड., दारव्ह्याला.
मी म्हटलं, माहीत नाही;
त्यांनी लिहिलं, पुढील शिक्षण.
देवानंद म्हणाला, कामठी. भरती.
बाबूंचं पेन थांबलं.
'काऊन रे? कारगिलसाठी?'
'नाही जी. पगारासाठी.'
मग जरा वेळानं, 'त्यासाठीबी.'

छाती सत्त्याहत्तर, फुगवून ब्याऐंशी.
पहाटे तलावाच्या पाळीवरून तो धावायचा,
मागून सायकलवर आम्ही फेऱ्या मोजायचो,
चुकायचो, भांडायचो.

रात्री पंचायतीच्या टीव्हीवर
व्होल्टेज पडलं की डोंगर आक्रसायचे,
शवपेट्या काडेपेट्यांएवढ्या व्हायच्या.
कुंदाचा भाऊ तिकडंच होता.
ती नावं ऐकायची,
सगळी संपली की अंधारात चप्पल शोधायची.

भरतीच्या दिवशी देवानंदची टीसी सापडेना.
ट्रंक, देव्हारा, गादीखाली.
त्याची माय चूल फुंकत राहिली,
जाळ चांगला लागलेला असताना.
सातची एसटी गेली.

लढाई संपली.
कुंदाचा भाऊ आला, एका कानानं बहिरा;
डी.एड.चा फॉर्म त्यानंच भरला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी कोठीतली ज्वारी काढताना
टीसी निघाली, घडी तशीच, पिठूळ.
देवानंदनं फुंकर मारली, वाचली,
मायकडं पाहिलं.
तिनं सूप पुढं सरकवलं.
'निवडाची हाये,' म्हणाली. 'बस.'