मोजून पाणी

मंगळवार, शुक्रवार. मुंबई नाक्याजवळ, दुसरा मजला.
चार तास रक्त बाहेर फिरून येतं.
डावा हात यंत्राला दिलेला,
उजव्यात कॉलेजातलं पुस्तक, इंग्रज कवींचं,
शिवण उसवलेली.

एकोणिसाव्या वर्षी त्यांचं सरोवर मला दिसेना.
तसलं धुकं नाही, ते पक्षीही नाहीत.
मग पाणी मी गंगापूर धरणाचं घातलं,
काठाला बाभळी, एक ढोकरी,
आणि मालन गायधनीची सायकल, चेन पडलेली.
काळे हात तिने पुस्तकालाच पुसले.
पान सत्त्याऐंशी. डाग अजून आहे.

आता दिवसाला पाच भांडी पाणी, मोजून.
द्राक्षं बंद. नाशकात राहून द्राक्षं बंद!
आहार सांगणारी मुलगी हसली, मीही हसले.

तिसऱ्या तासाला पोटरीत गोळा येतो
तेव्हा कविता एकही आठवत नाही.
अंगठा त्या डागावर ठेवते फक्त,
आणि वारा सुटतो,
धरण खडकांना चाटत राहतं,
मालन ओरडते, "अगं, सोड ते पुस्तक, पाय बुडव!"

बुडवते.
हे पाणी कोणी मोजत नाही.

सिस्टर चादर ओढत विचारते,
"मावशी, गार वाटतंय का?"
"हो," म्हणते. "घोट्यापर्यंत."