साठ शब्दांची पाटी

इथल्या प्रत्येक वस्तूला साठ शब्द मिळतात.
नियम माझ्या आधीचा, मी फक्त मोजते.
टोपीला साठ, पिचक्या मायक्रोफोनला साठ,
ज्या बुटांनी लाकडी फळ्यांवर ताल धरला
त्या बुटांना, दोन्ही मिळून, साठ.

डेल्फा स्टँपर आली तेव्हा मार्च होता,
केंटकीच्या या घळीत मार्च म्हणजे नुसता चिखल.
बूट दाराशी काढून ती मोज्यांवरच आत आली,
काखेत उशीचा अभ्रा, अभ्र्यात नवऱ्याचं फिडल.
"पेटी सत्तावन्नच्या पुरात गेली," म्हणाली,
"हे वाचलं, कारण एर्विल त्या रात्री
कुणाच्या तरी लग्नात वाजवत बसला होता.
मी केवढी चिडले होते तेव्हा."

हातमोजे चढवून मी ते उचललं
आणि आत काहीतरी खुळखुळलं.

"साप आहे," डेल्फा म्हणाली, पाणी मागावं तसं.
सापाचं शेपूट. इथले जुने वादक
खुळखुळ्या सापाची ती वाळकी कडी
फिडलच्या पोटात टाकून ठेवत.
कुणी म्हणे दमट हवा बाधत नाही,
कुणी म्हणे उंदीर फिरकत नाहीत,
एर्विल म्हणे, आवाजाला जरासं विष हवंच.

विम्याच्या अर्जात रकाना आहे:
आत सेंद्रिय अवशेष? असल्यास काढून टाकावेत.
मी चिमटा घेतला.
दात उपटणाऱ्याकडे पाहावं तसं
तिने माझ्याकडे पाहिलं.
रकान्यात मी लिहिलं: नाहीत.

मग अभ्र्याच्या तळातून फोटो निघाला.
एकतीस साल, पेंडीच्या दुकानाचा ओटा, तिघे जण.
मागे पेन्सिलीने नावं दोनच.
तिसरा कडेला, अर्धा चौकटीबाहेर,
बँजोच्या कातड्यावर टेकलेला एक काळा हात.
हाच फोटो आमच्याकडेही होता. आमच्या नोंदवहीत:
'दोन वादक व एक अनोळखी.'

"अनोळखी कसला? लूमस तो. लूमस पेटिफर्ड.
तीन नंबरच्या खाणीत खेचरं हाकायचा.
माझ्या सासऱ्यांना सूर लावायला त्यानेच शिकवलं,
दुकानामागे. ओट्यावर बसायची मुभा
त्याला फक्त फोटोपुरती.
म्हातारपणीही सासरे खुंटी पिळताना
त्याचं नाव घ्यायचे, जेवताना देवाचं घ्यावं तसं."

त्याची एक चाल तिला येत होती, बिननावाची.
मी टेप लावली.
चालीत मध्येच एक सूर असा
की पियानोवर त्याला घर नाही,
पांढऱ्या आणि काळ्या पट्टीच्या फटीत राहणारा.
तिथे ती किंचित घसरली. मला वाटलं, वय.
पुन्हा तिथेच घसरली. तिसऱ्यांदा कळलं,
घसरण हीच चाल आहे.
टेपवर खुर्ची करकरते, हीटर धापा टाकतो.
साफ करून देतो, म्हणाला तंत्रज्ञ.
हीटर काढ, म्हटलं. खुर्ची राहू दे.

पाटी मी अकरा वेळा लिहिली.
लाकूड, घराणं, पूर, लग्न,
लूमस पेटिफर्डपाशी पोचेपर्यंत साठ संपत.
शेवटी उलट्या टोकाने सुरुवात केली.
आधी त्याचं नाव. मग खेचरं, मग खाण,
मग दुकानामागची जागा,
जिथे आता आमची पार्किंग आहे.
स्टँपरांना उरले नऊ शब्द.
डेल्फाने चष्मा चढवून बोटांवर मोजले.
"एर्विलला पुष्कळ झाले," म्हणाली,
आणि मोजे ओढून घेतले.

फिडल आता काचेत आहे. तारा सैल,
दमटपणा पंचेचाळीस टक्के, उजेड समईएवढा.
शाळेची मुलं नाकं टेकवून काच धुरकट करतात.
दुपारी कोळशाचा ट्रक वळणावर गिअर बदलतो,
फरशी हलते,
आणि कुणी हात न लावता
आत ते शेपूट एकदाच वाजतं.

मुलं मागे सरतात. माझ्याकडे बघतात.
पाटीवर त्याबद्दल काही नाही,
विम्यावर तर नाहीच.