मोरी कुठे जाते

काल्दावेरेच्या नगरपालिकेत
पर्यावरण व्यवस्थापन आलं ते एका निळ्या फायलीतून.
कपाटात जागा नव्हती,
म्हणून पहिली दोन वर्षं ती खिडकीत
जिरेनियमच्या कुंडीखाली राहिली.
कुंडीचं गोल वर्तुळ अजून आहे तिच्यावर.

मी तिची कारकून, उर्वे.
मला सांगितलं, आपण जे जे करतो
त्याचा हवेवर, मातीवर, पाण्यावर काय परिणाम होतो ते लिही.
लिहिलं.
छपाईचा कागद, महिन्याला एकवीस रिमं.
शाळेचा बॉयलर, रात्रभर चालू, का ते कुणाला माहीत नाही.
रस्त्यावरचं मीठ.
नगराध्यक्षांची गाडी.
ती त्यांनी खोडली. मी पुन्हा लिहिली.

मग गॅरेज:
बर्फ लोटणारे तीन ट्रक, डिझेलची टाकी,
आणि उताराच्या तळाशी लोखंडी जाळीची मोरी,
जिच्या तोंडाशी हेल्दुर अठ्ठावीस वर्षं ट्रक धुतोय.
"ही कुठे जाते?"
"खाली," हेल्दुर म्हणाला.

नकाशात ती शुद्धीकरण केंद्राकडे जात होती.
जुन्या राजवटीतला नकाशा, जांभळी शाई, दोन शिक्के,
सही अशी की वाचताच येऊ नये.
कागदावर सगळ्याच नळ्या सरळ जातात.

फेब्रुवारीत तपासनीस बाई आल्या. उणे चौदा.
फायलीची पानं त्यांनी उलटली नाहीत.
पिशवीतून एक बाटली काढली,
मोरीत ओतली,
आणि म्हणाल्या, चला, आता पलीकडे जाऊन उभे राहू.

केंद्रावर आम्ही टॉर्च घेऊन थांबलो.
पाणी येत होतं, राखाडी, रोजचं.
एक तास.
दीड.
हातमोज्यांत बोटं आहेत की नाहीत कळेना.
मग माझा फोन वाजला.

एन्देल. हेल्दुरचा सासरा, वय एक्याऐंशी,
रविवार असो नसो, नदीच्या बर्फात
बादलीएवढी खाच पाडून गळ टाकून बसणारा.
"उर्वे," तो म्हणाला, "माझं पाणी हिरवं झालंय."

पळत गेलो. खरंच झालं होतं.
बर्फाच्या आतून,
जणू कुणी खोल तळाशी दिवा लावून विसरलंय,
तसा तो हिरवा पुढे पुढे सरकत होता,
पुलाखालून, वेतांच्या मुळांतून,
तसाच पुढे, समुद्राच्या दिशेने.
हेल्दुर उशिरा आला. टोपी काढून उभा राहिला,
चर्चमध्येही काढत नाही तो.
बोटांवर काहीतरी मोजत होता,
मध्येच चुकला, पुन्हा पहिल्यापासून.

एन्देलच्या शेजारी बर्फावर तीन पर्च मासे.
"हे खाल्ले तर चालतील?"
"रंग अगदी निरुपद्रवी आहे," बाई म्हणाल्या.
"रंगाचं नाही विचारलं मी."

यावर कुणी काही बोललं नाही.
बाईंनी वही उघडली आणि गारठलेल्या पेनाने,
दोनदा गिरवत, लिहिलं: विसंगती क्रमांक एक.

नवी नळी चौदा मीटरची.
तिच्यावर सभेत चार तास.
एक सदस्य उठून म्हणाले,
या खर्चात कुठेतरी पाणी मुरतंय.
मी इतिवृत्तात तसंच लिहिलं
आणि कंसात: मुरत नव्हतं, वाहत होतं.
अध्यक्षांनी कंस खोडला.
(मी पुन्हा लिहिला.)

मे महिन्यात नळी बसली.
शाळेचा बॉयलर अजून रात्रभर चालतो,
त्याचं पान अजून उघडंच आहे.

गॅरेजच्या भिंतीवर आता एक तक्ता लटकतो,
दोरीला बांधलेली पेन्सिल, दर शुक्रवारी भरायचा.
शेवटचा रकाना: सांडपाणी कुठे जाते.
तिथे 'शुद्धीकरण केंद्र' एवढं लिहिलं की पुरतं.

हेल्दुर त्याच्या ठोकळ्या अक्षरांत
रकान्याबाहेर जाईल इतकं लिहितो:
नदीला नाही. परवा जाऊन बघून आलो.